एक किलोमीटर – कुणाच्या पावलांनी?

मैत्रिणींनो, शाळेचा विषय निघाला की आपल्या घरात काय काय बोललं जातं, आठवून पाहा बरं. गणवेश, दप्तर, डबा, शिकवणी, इंग्रजी माध्यम की मराठी माध्यम! पण ‘शाळेची हद्द’ हा शब्द जेवताना कधी कानावर आला आहे का? मीही ऐकला नव्हता. हद्द असते ती पोलीस ठाण्याची, नाही तर ग्रामपंचायतीची, असाच माझा समज. तो समज दूर केला आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाईंनी.

गोष्ट २०२४च्या एप्रिलमधली. बाई आल्या त्या तवा न ठेवताच ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

“वहिनी, पोरीचा फारम भरायला गेले होते. ती पलीकडची खासगी शाळा यादीत दिसतच नाही. दुकानातला पोरगा म्हणतो, तुमच्या घराजवळ महापालिकेची शाळा आहे ना, मग ही मिळायची नाही. आता एक किलोमीटरचा नवीन नियम आलाय.” मग जरा थांबून म्हणाल्या, “घराजवळ शाळा आहे, हा काय आमचा गुन्हा झाला का हो?”

मला उत्तर देता येईना. मी चांगली पदवीधर! रोज वर्तमानपत्र वाचते. पण त्या दिवशी कणकेत हात घालून आम्ही दोघी सारख्याच अडाणी ठरलो. मग मात्र ठरवलं की हे प्रकरण समजून घ्यायचंच. जे समजलं ते आज तुमच्यापुढे ठेवते. तुमच्या घरात लहान मूल नसेल, तरी वाचा. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंना, गावाकडच्या जावेला किंवा भाचीला याचा उपयोग होईल.

हद्द आली कुठून?

आपल्या देशात २००९ साली मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला ‘शेजारच्या शाळेत’ मोफत शिकण्याचा हक्क आहे, असं हा कायदा सांगतो. आता शेजारची म्हणजे किती शेजारची? आपल्याकडे शेजार भिंतीपलीकडचाही असतो आणि दोन गल्ल्या सोडूनचाही! म्हणून नियमांत अंतर घातलं. पहिली ते पाचवीच्या मुलाला चालत जाता येईल अशी, १ किलोमीटरच्या आतली शाळा. सहावी ते आठवीला ३ किलोमीटरच्या आतली.

एवढं वाचून माझ्या मनात एकच गोष्ट ठसली. हे अंतर कशासाठी घातलं? सरकारच्या सोयीसाठी नाही आणि संस्थाचालकांच्या सोयीसाठीही नाही. सहा वर्षांच्या पोराच्या पायांसाठी! शाळेने मुलाजवळ यायचं, मुलाने शाळेमागे धावायचं नाही. ‘चालत जाण्याचं अंतर’ हे शब्द त्यासाठीच आहेत. पुढे जे काही सांगणार आहे त्याची गुरुकिल्ली हीच, एवढं पदराला गाठ मारून ठेवा.

याच कायद्यात आणखी एक कलम आहे. खासगी विनाअनुदानित शाळांनी पहिलीच्या वर्गातल्या निदान २५ टक्के जागा परिसरातल्या दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्यायच्या आणि त्यांना फुकट शिकवायचं. त्याचा खर्च सरकार ठरलेल्या दराने शाळेला परत करतं. महाराष्ट्रात अशा जागा दरवर्षी लाखाच्या आसपास असतात. आमच्या बाई फॉर्म भरायला गेल्या होत्या त्या यासाठीच.

एका ओळीने केलेला गोंधळ

९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने नियमांत दुरुस्ती केली. ज्या खासगी शाळेच्या १ किलोमीटर परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, त्या खासगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट! दिसायला एक ओळ, पण तिचा अर्थ काय होतो पाहा. शहरात कुठल्याही चौकात उभ्या राहा. एक किलोमीटरच्या आत महापालिकेची किंवा अनुदान घेणारी शाळा असतेच असते. म्हणजे शहरातल्या बहुतेक खासगी शाळांची दारं या मुलांना बंद. जे अंतर मुलाला शाळा जवळ मिळावी म्हणून घातलं होतं, तेच अंतर त्याला शाळेपासून दूर ठेवायला वापरलं गेलं. फूटपट्टी तीच, पण ती धरणारा हात बदलला.

सरकारच्या बाजूनेही बोलणारे होते हं. जवळची सरकारी शाळा ओस पडते आणि सरकार खासगी शाळेला पैसे मोजतं, हे कसलं शहाणपण, असं ते म्हणत. तिकडे संस्थाचालकांची तक्रार निराळीच. आम्ही मुलं शिकवतो, पण सरकारकडून परत मिळायचे पैसे वर्षानुवर्षं थकतात, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही बाजूंत काही तथ्य आहे. पण या भांडणात सहा वर्षांच्या पोरीचं काय?

पालक आणि त्यांच्या संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. ६ मे २०२४ला न्यायालयाने या दुरुस्तीला स्थगिती दिली आणि फॉर्म पुन्हा नव्याने भरायला लागले. जूनमध्ये सोडत निघाली, पण निकाल राखून ठेवलेला. शाळा सुरू झाल्या, पाऊस सुरू झाला, तरी हजारो घरांत नवं दप्तर खुंटीलाच! अखेर १९ जुलै २०२४ रोजी न्यायालयाने ही दुरुस्ती रद्दच केली. पुढे ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्या निर्णयात हात घालायला नकार दिला. २०२५-२६चे प्रवेश मग जुन्याच पद्धतीने झाले.

न्यायालयाने काय सांगितलं ते घरगुती भाषेत सांगू? कायदा ही सासू आणि नियम ही नवी सून, असं समजा. सुनेने घर आपल्या पद्धतीने आवरावं, भांडी हवी तशी लावावीत. पण सासूने नातवाच्या नावाने ठेवलेला दागिना परस्पर मोडायचा अधिकार तिला नाही. २५ टक्के जागा कायद्याने दिल्या आहेत. नियमाला त्या काढून घेता येत नाहीत.

म्हणून पुढच्या वेळी कुणी ‘नवीन नियम आलाय’ म्हणालं, तर घाबरून घरी परत येऊ नका. आधी विचारा : कायदा बदलला, नियम बदलला, की नुसतंच पत्रक निघालं? तारीख काय? स्थगिती आहे का? तो कागद मला दाखवाल का? या प्रश्नांनी निम्मी धुकट हवा निवळते.

नकाशावरचा लाल ठिपका

आता बाईंच्या घराकडे वळू. मे महिन्यात त्या दुसऱ्यांदा फॉर्म भरायला निघाल्या तेव्हा मीही बरोबर गेले. आणि बरं झालं गेले! संगणकावर नकाशा उघडतो, त्यावर आपल्या घराच्या जागी खूण ठेवायची असते. त्या खुणेपासून शाळांची अंतरं मोजली जातात. जुनी खूण पाहिली तर ती होती भाजी मंडईत! घाईघाईत दुकानातल्या मुलाने वस्तीचं नाव टाकलं आणि नकाशाने दाखवली ती जागा मान्य केली. बाईंचं घर तिथून चांगलं लांब. म्हणजे जी खासगी शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर, ती कागदावर एक किलोमीटरच्या बाहेर जाऊन बसलेली.

याने काय बिघडतं म्हणाल, तर बरंच बिघडतं. त्या वर्षीच्या पद्धतीप्रमाणे शाळेपासून १ किलोमीटरच्या आतल्या मुलांना पहिला मान, मग १ ते ३ किलोमीटरवाल्यांना, जागा उरल्या तर त्यापलीकडच्यांना. जास्तीत जास्त दहा शाळा निवडता येत होत्या. एका खुणेच्या चुकीने मूल पहिल्या रांगेतून दुसऱ्या रांगेत जातं. बरं, खोटी खूण ठेवून घर जवळ दाखवावं, तर कागदपत्रं तपासताना ते उघडं पडतं आणि मिळालेला प्रवेश जातो. तेव्हा भीडही नको आणि लबाडीही नको. खूण आपल्या दारातच हवी.

आम्ही ती दुरुस्त केली. सोडत निघाली. बाईंच्या मुलीचं नाव प्रतीक्षा यादीत लागलं आणि तिथेच राहिलं. सोडत म्हणजे शेवटी नशिबाचा खेळ. मला फार वाईट वाटलं. बाई म्हणाल्या, “वहिनी, हरकत नाही. पण ह्या वेळेला निदान मला कळलं तरी, का नाही मिळालं ते.”

मुलगी महापालिकेच्या शाळेत पहिलीला बसली. घरापासून सात मिनिटांची वाट. बाई प्रेमळ मिळाल्या, पोर रमली. इथेच ही गोष्ट संपली असती, तर मी लेख लिहिला नसता.

दोन शाळांची एक शाळा

पुढच्या वर्षी कुणकुण लागली की या शाळेत मुलं कमी आहेत, म्हणून ती रुळांपलीकडच्या दुसऱ्या शाळेत मिसळणार. कुणी म्हणालं, अंतर तर एक किलोमीटरच्या आतच आहे, तक्रार कसली?

शहरात जसं हे होतं तसंच खेड्यातही होतं, आणि तिथे ते अधिक बोचतं. २०१७च्या डिसेंबरात राज्यातल्या दहापेक्षा कमी मुलांच्या १,३०० हून अधिक शाळा बंद करून जवळच्या शाळांत मिसळायचं ठरलं होतं. २०२३च्या सप्टेंबरात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या ‘समूह शाळा’ करण्याचे प्रस्ताव शिक्षण खात्याने मागवले. नंदुरबारमधलं तोरणमाळ आणि पुण्याजवळचं पानशेत ही त्याची उदाहरणं म्हणून पुढे ठेवली गेली. मोठ्या शाळेत वर्गाला एक शिक्षक मिळतो, प्रयोगशाळा असते, खेळायला सोबती असतात, हे खोटं नाही. दोन शिक्षकांनी चार वर्ग एकाच खोलीत सांभाळायचे, हे काही सुख नव्हे.

पण बायांनो, वाडीवरची शाळा खालच्या गावात गेली की काय होतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. मध्ये ओढा असतो. श्रावणात तो फुगतो. गाडी येईल म्हणतात. पहिले दोन महिने येते, मग बिघडते. मुलगा असेल तर चुलत्याच्या मोटरसायकलवर मागे बसून जातो. मुलगी असेल तर आजी म्हणते, “राहू दे, धाकट्याला सांभाळेल.” हद्द एका रेघेने सरकते, पण त्या रेघेबाहेर पहिल्यांदा पडते ती मुलगी. गावाकडच्या मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो, ही चांगली गोष्ट आहे. पण सहा वर्षांच्या चिमुरडीला पास देऊन एकटीला एसटीत कोण बसवणार?

याचा विचार नियम करणाऱ्यांनी केलेला नाही असं समजू नका. केंद्राच्या २०१०च्या नियमांत स्पष्ट म्हटलं आहे की जिथे डोंगराळ भाग, दरड किंवा पूर यांचा धोका, रस्त्याचा अभाव किंवा लहान मुलांना वाटेत भय असेल, तिथे हे अंतर कमी करून शाळा सुरक्षित जागी ठेवावी. आणि ठरलेल्या अंतरात शाळा नसलेल्या लहान वस्त्यांसाठी मोफत वाहनाची किंवा राहण्याची सोय करावी. नियम आहे. तो कुणी वाचून दाखवला नाही, एवढंच!

पावलांचा हिशेब

आमच्या बाई तोवर शाळा व्यवस्थापन समितीत गेल्या होत्या. ही समिती काय असते ठाऊक आहे ना? सरकारी आणि अनुदानित शाळांत कायद्याप्रमाणे ती असावीच लागते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका हव्यात. बहुतेक ठिकाणी बायकांची नावं असतात आणि सह्या घरी पाठवून घेतल्या जातात. बाईंनी मात्र सही करण्याआधी मोबाइलवर वेळ लावली आणि पोरीला घेऊन त्या रुळांपलीकडच्या शाळेकडे चालत निघाल्या.

नकाशावर दोन शाळांमधलं अंतर खरंच एक किलोमीटरच्या आत होतं. पण नकाशात रेघ सरळ जाते, रुळांवरून! माणसाला पुलाला वळसा घालावा लागतो. पुलाच्या पायऱ्या चढायच्या, उतरायच्या, मग ट्रकचा रस्ता ओलांडायचा. बाईंना पंधरा-सतरा मिनिटं लागली असती. पोरीच्या बरोबरीने चालल्या तेव्हा पस्तीस मिनिटं लागली आणि वाटेत ती दोनदा बसली. मोठ्या बाईची सोळाशे पावलं म्हणजे साधारण एक किलोमीटर. लहान मुलाला तेवढ्यासाठी दोन हजारांवर पावलं टाकावी लागतात, आणि पाठीवर दप्तर असतं ते वेगळंच.

बाईंनी हे सगळं समितीच्या सभेत सांगितलं. मुख्याध्यापकांनी ते इतिवृत्तात लिहून घेतलं, ठराव झाला, त्याची प्रत वॉर्डातल्या शिक्षण कार्यालयात पोचवली आणि पोच घेतली. आणखी तीन आया आपापल्या मुलांना घेऊन तीच वाट चालून आल्या आणि त्यांनीही मिनिटं लिहून दिली. पुढे काय झालं? फार मोठा विजय झाला असं नाही. तिसरी-चौथी पलीकडे गेली. पहिली-दुसरी मात्र जुन्याच इमारतीत ठेवली आहे, निदान यंदा. बाई म्हणतात, “पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी बघू. पोरगी तोवर एक इंच वाढेल!”

तुम्ही काय कराल?

गप्पा पुष्कळ झाल्या. आता कामाच्या गोष्टी. हा भाग कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा.

१. ऐकीव बातमीवर विसंबू नका. मोबाइलवर आलेला निरोप गेल्या वर्षीचाही असू शकतो. प्रवेशाच्या सूचना दरवर्षी निघतात. यंदाच्या सूचना यंदाच वाचा, नाही तर शाळेत किंवा शिक्षण कार्यालयात जाऊन विचारा.

२. २५ टक्क्यांचा फॉर्म भरताना घराची खूण स्वतःच्या डोळ्यांनी तपासा. एकाच मुलाचे दोन फॉर्म भरू नका. दोन्ही बाद होण्याची भीती असते.

३. राहत्या पत्त्याचा पुरावा आधीच तयार ठेवा. भाड्याने राहत असाल तर भाडेकरार नोंदणी केलेला हवा आणि तो फॉर्म भरण्याआधीचा हवा. मालक “पुढच्या महिन्यात करू” म्हणेल. त्याला दिवाळीतच गाठा.

४. शाळा हलवणार, मिसळणार असं कळलं तर आधी तीन गोष्टी लेखी मागा : आदेशाची प्रत, नव्या शाळेपर्यंतचं अंतर कसं मोजलं आणि वाहनाची काय सोय केली. कुणी दाद देईना, तर माहितीच्या अधिकाराचा २००५चा कायदा आहे. दहा रुपये शुल्क भरून अर्ज करा. सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

५. मुलाला बरोबर घेऊन वाट चालून पाहा. पावसात एकदा आणि कोरड्यात एकदा. किती मिनिटं लागली, रस्ता किती वेळा ओलांडला, ओढा, रूळ, महामार्ग, दारूचं दुकान, मोकाट कुत्री, सगळं वहीत लिहा. भावनेपेक्षा मिनिटांची नोंद कार्यालयात जास्त ऐकली जाते.

६. एकटीने जाऊ नका. समितीचा ठराव करा. गावात असाल तर ग्रामसभेत विषय मांडा आणि तो इतिवृत्तात आला आहे ना, हे पाहिल्याशिवाय उठू नका.

७. तरीही ऐकलं नाही, तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे महापालिका, नगरपालिका किंवा जिल्हा परिषदेकडे, लेखी तक्रार करता येते. तिचा निकाल तीन महिन्यांत द्यायचा असतो. तो पटला नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं.

८. या सगळ्यात मुलाची शाळा बुडू देऊ नका. सोडतीची वाट पाहत दप्तर खुंटीला टांगून ठेवू नका. जवळच्या सरकारी शाळेत नाव घाला. जन्माचा दाखला नाही म्हणून किंवा उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. नंतर दुसरीकडे जागा मिळाली तर दाखला लगेच देणं मुख्याध्यापकांवर बंधनकारक आहे.

आणि हो, एक शेवटचं. जवळच्या महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेकडे नाक मुरडण्याआधी एकदा आत जाऊन बसा. वर्ग पाहा, बाईंशी बोला. आपण सगळ्यांनी पाठ फिरवली की पट घटतो, पट घटला की शाळा मिसळते, आणि शाळा मिसळली की ज्यांना दुसरी वाटच नाही त्यांच्या मुली घरी बसतात.

परवा बाईंना विचारलं, अजून वाटतं का हो त्या खासगी शाळेचं? पोळी उलटत म्हणाल्या, “वाटतं ना. खोटं कशाला बोलू? पण आता माझी पोर जिथे बसते, त्या शाळेची हद्द मी मोजलीय. ती आता मला विचारल्याबिगर हलायची नाही.”